एकच व्यक्ती असल्याबद्दल

निवृत्त पटवाऱ्याला अमेरिकेत काही काम नसतं. सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेलेला माणूस पहिल्या महिन्यात घरातली बटणं शिकतो आणि दुसऱ्या महिन्यात पत्रपेटीपर्यंत जाऊन परत येतो. तिसऱ्या महिन्यात बर्फ पडायला लागलं, की खिडकीशी बसून समोरच्या आवाराची हद्द नेमकी कुठून जात असेल याचा अंदाज बांधू लागतो. ओहायोतल्या आमच्या चिरंजीवांच्या घराला कुंपण नाही, शेजाऱ्याच्याही नाही. दोघांचं गवत एकमेकांत मिसळलेलं आणि वरून एकच पांढरी गोधडी. अमरावती जिल्ह्यात एकतीस वर्षं ज्याने हातभर धुऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झालेले पाहिले, त्याला हे दृश्य फार वेळ बघवत नाही. कुठेतरी मोजणीचा दगड असणारच, अशी रुखरुख लागून राहते.

अशाच एका संध्याकाळी सूनबाईने मला कामाला लावलं. सूनबाई इथलीच, माहेरचं आडनाव येगर. पोरं झोपली, भांडी यंत्रात गेली, की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून आपल्या खापरपणजोबांना शोधत बसायची. रात्री उशिरापर्यंत न परतलेल्या माणसाची घरच्या बाईने दिवा लावून वाट पाहावी, तशी. चार वर्षं तिचा हा उद्योग चालू होता. "बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांचं वाईट अक्षर वाचलंय ना?" तिने विचारलं. तिच्या तोंडून 'बाबा'मधले दोन्ही ब असे गोलमटोल येतात, की नाही म्हणणं जमत नाही. मी चष्मा पुसून पडद्याशी गेलो आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. रकाने! उभे-आडवे, शाईने भरलेले, कडेला कोणीतरी बेरीज करून खोडलेले रकाने. १८६० सालच्या सिनसिनाटी शहराच्या जनगणनेचं ते पान होतं. लिपी सोडली, तर तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधून कोणी उचलून नेलं असावं इतकं ओळखीचं. ते लिहिणारा माणूस उजव्या कोपऱ्याशी आला की अक्षर बारीक करायचा. मीही करायचो.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. पहिल्या सहा खेपांना फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बायको, पोरं, म्हातारी आई हे सगळे वयाच्या रकान्यातले आकडे. १८५० मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाला कागदावर नाव मिळालं. 'स्वतंत्र' हा शब्द इथे उगीच आलेला नाही. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची पानं वेगळी होती. वर मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. ज्यांचे पूर्वज त्या पानांवर आहेत, ते मागे मागे जात १८७० पर्यंत पोचतात आणि तिथे हाताला भिंत लागते. सूनबाईने ते पान मला एकदाच दाखवलं. मी गावनमुने खूप भरलेत, पण आम्ही बांधावरच्या झाडांची नोंद घेतानासुद्धा आंबा, चिंच, मोह असं लिहायचो.

आमचे येगर मात्र नावानिशी हजर होते. १८६० मध्ये वय २८, धंदा लाकडी पिंपं करण्याचा, जन्म वुर्टेंबर्ग. १८७० मध्ये वय ३६. म्हणजे दहा वर्षांत आठच वर्षांनी मोठे. १८८० च्या पानावर (ते कसं सापडलं ते पुढे येईल) मधली थकबाकी वसूल करून एकदम ५०. त्यांच्या पत्नीच्या वयात मात्र शिस्त होती, दर खेपेला फक्त सात वर्षं. सूनबाई वैतागली, तिला वाटलं ही माणसंच वेगवेगळी. मी तिला गणतीवाला दारात उभा करून दाखवला. ऑगस्टचं ऊन, आत मूल रडतंय, चुलीवर काहीतरी लागतंय, घरधनी कामावर गेलेला, आणि हा विचारतोय वय किती. बाई आकाशाकडे बघते आणि एक आकडा सांगते. ती घरात नसली तर शेजारीण सांगते. पीकपाहणीच्या वेळी मी स्वतः किती शेतं पारावर बसून पाहिली, ते मात्र मी सूनबाईला सांगितलं नाही. सासऱ्याचा थोडा आब राहायला हवा.

जन्मस्थळाचंही तसंच. १८६० च्या पानावर जे वुर्टेंबर्गात जन्मले, त्यांच्याच मुलाच्या १९०० मधल्या नोंदीत बापाचा जन्म जर्मनीत झाल्याचं लिहिलेलं. मध्यंतरी, १८७१ मध्ये, जर्मनी नावाचा देश एकत्र आला होता, एवढीच काय ती भानगड. "अगं, मी मध्य प्रदेशात जन्मलो," मी म्हणालो. तिने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाआधी हे सांगितलं नव्हतं, असा भाव. मी १९५३ सालचा. तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सात वर्षांत तीन राज्यं झाली, आणि त्या काळात आजीचं जातं भिंतीपासून वीतभर हललं नव्हतं.

हे येगर ज्या मोहल्ल्यात राहत, त्याचं नाव 'ओव्हर द ऱ्हाइन', ऱ्हाइनपलीकडचा. सिनसिनाटीत ऱ्हाइन नदी नाही. होता तो मायामी आणि ईरी कालवा, आणि त्याच्या उत्तरेला जर्मन लोकांची दाट वस्ती. कालव्यावरचा पूल ओलांडला की पाट्या जर्मन, पाव जर्मन, बिअर जर्मन. म्हणून मग कालव्याचीच ऱ्हाइन झाली. परक्या मुलखात गेलेली माणसं मिळेल त्या पाण्याला गावच्या नदीचं नाव देतात. इथल्या घरामागच्या पावसाळी नाल्याला आमची ही पहिल्या आठवड्यापासून 'पूर्णा' म्हणते. पुढे कालवा कोरडा केला आणि त्यावरून रस्ता नेला. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांचा राग आला तेव्हा १९१८ मध्ये शहराने ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट केली आणि जर्मन स्ट्रीटची चक्क इंग्लिश स्ट्रीट. पाटी बदलली, पण रस्ता होता तिथेच राहिला.

आता आडनाव. मूळ जर्मन शब्द येगर म्हणजे शिकारी, पारधी. घराण्यातला हा पारधी जन्मभर पिंपं करत होता. कारण सिनसिनाटी हे तेव्हा डुक्कर कापण्याचं मोठं केंद्र. लोक त्याला चेष्टेने 'पोर्कोपोलिस' म्हणत आणि खारवलेलं मांस पिंपात भरून नदीने दक्षिणेला जाई. पारधी शेवटी सावजाच्या मागेच राहिला म्हणायचं, फक्त मेल्यानंतरच्या टप्प्यावर. आम्हा जोश्यांचंही वेगळं नाही. जोशी म्हणजे ज्योतिषी, आणि आमच्या सात पिढ्यांत उद्याचा पाऊससुद्धा कोणाला सांगता आलेला नाही.

जर्मनमध्ये हे नाव जे अक्षराने सुरू होतं, त्या जेचा उच्चार य, आणि पुढच्या ए अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं. इंग्रजी लिहिणाऱ्याने ही टिंबं म्हणजे माशी बसून गेली असावी अशा समजुतीने कायम वगळली. कोणी वायने येगर लिहिलं, कोणी यागर, एकाने याकर. काही येगर कंटाळून भाषांतर करून हंटर झाले, जसे किती झिमरमान कार्पेंटर झाले आणि श्मिट स्मिथ. आवाजाच्या वेगापुढे विमान नेणारा पहिला वैमानिक चक येगर, १९४७ चा, तोही याच आडनावाचा. त्याच्या आडनावाचा आवाज मात्र अक्षरांच्या आधीच पळून गेलेला. अमेरिकेत हे फक्त साध्या माणसांचं होत नाही. अब्राहम लिंकनच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदावर आडनाव 'लिंकहॉर्न' आहे. ते वाचून मी गार पडलो. जमिनीचा कागद म्हणजे आमचीच जात.

सूनबाईच्या माहेरची दंतकथा अशी, की एलिस आयलंडवर उतरताना कारकुनाने नाव बिघडवलं. ही दंतकथा अमेरिकेत निम्म्या घरांत आहे. मला कारकुनाचा कैवार घ्यावा लागला. एलिस आयलंड उघडलं १८९२ मध्ये. येगर त्याच्या चाळीसेक वर्षं आधी आलेले, तेही न्यू ऑर्लिन्सला उतरून नदीच्या बोटीने वर. शिवाय एलिस आयलंडचे कारकून नावं लिहीतच नसत. जहाज निघालं तिथे तयार झालेली यादी पुढे ठेवून त्यावर खुणा करत. "म्हणजे कारकून निर्दोष," मी म्हणालो. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही फार जोरात बोललात."

१८८० चं पान तिला दोन वर्षं सापडत नव्हतं. अमेरिकनांनी अशा नावांसाठी एक युक्ती काढलेली आहे, साउंडेक्स. १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं आणि मंदीच्या काळात बेकारांना कामाला लावून जुन्या गणत्यांची कार्डं त्या पद्धतीने लिहून घेतली. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. त्यामुळे स्मिथ आणि श्मिट दोघेही एस-५३० होऊन एकाच खणात गुण्यागोविंदाने नांदतात. येगर वाय-२६०. ती त्या खणात हात घालघालून थकली होती. मी सहज विचारलं, "जेमध्ये बघितलंस?" यात माझी काही हुशारी नव्हती. ज्याने मतदार यादीत एकाच ज्ञानेश्वराला डी, जी आणि जे अशा तीन अक्षरांखाली शोधलंय, त्याला पहिल्या अक्षरावर भरवसा ठेवायचा नसतो हे कळतं. जे-२६० मध्ये खापरपणजोबा शांतपणे बसलेले होते, बायको आणि पोरांसकट, वय ५०. मग आम्ही हौसेने जोशी काढलं. जे-२००. त्याच आकड्यावर आयर्लंडचे जॉइसही. तिचं माहेर आणि सासर एकाच अक्षराच्या खणात निघालं, मध्ये साठ आकड्यांचं अंतर. पत्रिका न बघता झालेल्या लग्नाला हा पुरावा आमच्या हिला फार आवडला.

त्या रात्री मला झोप लागेना. बाहेर बर्फ पडत होतं आणि मला पुंजाजी आठवत होता. सातबारावर त्याचं नाव माझ्या हाताने पुंडलिक पडलं होतं. बापाच्या जुन्या पानावरून उतरवताना मी मनानेच शुद्ध केलं. पुंजाजी हे पुंडलिकाचंच घरगुती रूप असणार, असं मला त्या दुपारी वाटलं. बँकेच्या पासबुकात मात्र पुंजाजी. पीककर्ज अडलं. तो सहा किलोमीटर चालत यायचा, दाराबाहेर चपला काढायचा, आणि मी त्याला सांगायचो, अर्ज करा, तहसीलदारांकडे जाईल. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ खास याच कामासाठी आहे, लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी. 'लेखनप्रमाद' हा शब्द मला फार आवडायचा. कोणीतरी सोवळं नेसून चुकल्यासारखा वाटतो. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "साहेब, लिहिलं तुम्ही, अन् अर्ज मी कावून करू?" मी हसलो होतो. दुरुस्तीचा आदेश आला तोवर पुंजाजी गेला. फेरफाराच्या वहीत 'पुंडलिक ऊर्फ पुंजाजी' ही दुरुस्ती आणि त्याच्या वारसांची नोंद, दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक, माझ्याच अक्षरात आहेत. शंभर वर्षांनी त्याच्या घरातली एखादी पोरगी कुठल्या तरी थंड गावात टेबलाशी बसली, तर तिला ते पान दिसेल. पटवाऱ्याचं नाव खाली सहीत आहे, पण सही मी अशी करायचो की ती कोणाला वाचता येऊ नये.

येगरांचा पुढचा माग १८९० च्या गणतीत लागायला हवा होता, पण ती जवळजवळ संपूर्ण गेली. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये एका सरकारी इमारतीच्या तळघरात आग लागली. जळून गेलं त्यापेक्षा विझवण्याच्या पाण्याने जास्त गेलं, आणि उरलंसुरलं काही वर्षांनी सरकारनेच नष्ट करायला परवानगी दिली. कुटुंबांचा माग काढणारे लोक या आगीबद्दल घरचं माणूस गेल्यासारखे बोलतात. मात्र १८९० मध्येच यादवी युद्धातल्या माजी सैनिकांची एक वेगळी यादी केली होती. तिच्यातली अलाबामापासून कॅन्सासपर्यंतची पानं गेली, केंटकीची अर्धी गेली आणि पुढची वाचली. ओहायोचा ओ वर्णमालेत इतका मागे, म्हणून येगर वाचले. शाळेत आडनावाच्या क्रमाने बसवलेली मागच्या बाकावरची पोरं कशी सुटायची, तसे. त्या यादीत त्यांची पलटण होती, नववी ओहायो, सिनसिनाटीच्या जर्मनांची; आणि आजार म्हणून गुडघा.

गुडघ्यावरून पेन्शनच्या फायलीचा पत्ता लागला आणि वॉशिंग्टनच्या अभिलेखागारातून बासष्ट पानं आली. नववी ओहायो १८६२ च्या जानेवारीत मिल स्प्रिंग्जला संगिनी रोखून धावली होती. सूनबाईला वाटत होतं की गुडघा तिथलाच. फायलीत तसं काही नाही. १८९० च्या कायद्याने ९० दिवस चाकरी आणि अंगमेहनत न होण्याजोगी व्याधी एवढंच पुरे होतं. ती युद्धातलीच हवी अशी अट नव्हती. गुडघा बहुधा पिंपांनी घालवला असावा. सरकारी डॉक्टरच्या कागदावर माणसाच्या शरीराची छापील बाह्यरेषा असते, पुढून आणि मागून, आणि दुखऱ्या जागी डॉक्टर खूण करतो. येगरांचा एकही फोटो घरात नाही. त्यामुळे खापरपणजोबांचं आज उपलब्ध असलेलं एकमेव चित्र म्हणजे छापखान्यातून आलेला एक उघडा माणूस आणि त्याच्या डाव्या गुडघ्यावर शाईची फुली. सूनबाईने ते छापून, चौकटीत घालून जिन्यात लावलं आहे. तिचाही डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. फुलीपाशी ती जरा थांबते.

त्यांच्या सह्या बासष्ट पानांत अकरा आहेत. सगळ्या जुन्या जर्मन वळणाच्या, जेने सुरू होणाऱ्या, आणि प्रत्येकीत दोन टिंबं जागेवर. चाळीस वर्षं भोवतालचे लोक यागर, याकर, येगर लिहीत राहिले आणि हा माणूस मधोमध बसून आपलं नाव बरोबर लिहीत राहिला. ते कोणाला वाचता आलं नाही, एवढंच.

ते १८९४ मध्ये वारले. पुढची पानं त्यांच्या पत्नीची. तिला विधवा पेन्शन हवं होतं, आणि सरकारला हे लग्न खरंच झालं होतं याचा पुरावा. तिचं माहेरचं आडनाव बासष्टपैकी एकाही पानावर नीट लागत नाही; गणत्यांत तिच्या धंद्याच्या रकान्यात 'घर सांभाळते' एवढंच. १९०० च्या गणतीने बायकांना आणखी दोन प्रश्न विचारले, मुलं किती झाली आणि आता किती आहेत. तिच्यापुढे लिहिलंय, आठ आणि पाच. आमची ही मागे उभी राहून हे सगळं ऐकत होती. म्हणाली, मला शोधायचं झालं तर कसं शोधाल? तिचं पाळण्यातलं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मिटलं, आणि नवं लिहिलं ते मी सुचवलेलं. श्राद्धात आम्ही बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेतो. तिच्या आईच्या आजीचं नाव तिला स्वतःलाच माहीत नाही. सूनबाईने लॅपटॉप जवळ ओढून सासूला विचारलं, पहिलं नाव काय होतं? ते ऐकून टाइप करताना तिने स्पेलिंग विचारलं. आमच्या हिने आयुष्यात ते नाव इंग्रजीत कधी लिहिलेलं नव्हतं.

फायलीतलं शेवटून चौथं पान मी रात्री एकट्याने तीनदा वाचलं. दोन शेजाऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं होतं, की पलटणीच्या हजेरीपटावरचा यागर, गणतीतला जेचा येगर आणि या बाईचा मयत नवरा ही एकच व्यक्ती होय. शब्द न् शब्द ओळखीचा. असली प्रतिज्ञापत्रं शंभराच्या स्टॅम्पवर मी पोत्याने पाहिलीत. खाली त्या बाईने फुली काढली होती, आणि फुलीच्या एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला आडनाव कारकुनाने लिहिलेलं: वाय, ई, ए, जी, ई, आर. आधीच्या कुठल्याच कागदावर असं स्पेलिंग नाही. त्याने कानाला लागलं तसं लिहिलं असेल, जेवायची वेळ झाली असेल. पुढे प्रमाणपत्र त्याच नावाने निघालं. ते बदलायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा दोन शेजारी, पुन्हा शपथ. तिने बदललं नाही, आणि मुलांनी आईचे पैसे आणायला जाताना तेच स्पेलिंग उचललं.

विधवेचं पेन्शन महिना ८ डॉलर होतं. ते दर तीन महिन्यांनी, २४ डॉलर, येगर या नावाने यायचं.